ख्रिस्ती विचारातील खासगी मालमत्ता आणि सरकार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायबल-अभ्यास वर्गात, तरुणांच्या शिबिरांत आणि ख्रिस्ती नसलेल्या मित्रमंडळींकडून हे प्रश्न सतत येतात. सुरुवातीचे प्रश्न पायाभूत आहेत, पुढचे अवघड होत जातात. ख्रिस्ती लोकांमध्ये जिथं मतभेद आहेत तिथं तसं सांगितलं आहे. माझं मत असेल तिथं ते माझं म्हणूनच दिलं आहे.

१. ख्रिस्ती माणसाला स्वतःची मालमत्ता ठेवता येते का?

येते. दहा आज्ञांत चोरी करू नको अशी एक आज्ञा आहे, आणि शेजाऱ्याच्या घराचा, बैलाचा, गाढवाचा लोभ धरू नको अशीही एक आहे. शेजाऱ्याचं म्हणून काही नसेलच, तर या दोन्ही आज्ञांना अर्थ उरत नाही. पण त्याच बायबलमध्ये स्तोत्र २४ सांगतं की पृथ्वी आणि तिच्यावरचं सर्व काही परमेश्वराचं आहे. लेवीय २५ मध्ये तर देव इस्राएलला बजावतो की जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे परके आणि उपरे म्हणून राहता.

म्हणजे सातबारावर नाव तुमचं, पण हिशेब देवाला द्यायचा. येशूच्या दाखल्यांत धनी आणि कारभारी पुन्हा पुन्हा भेटतात ते याचमुळे. मालकीचा हक्क मान्य आहे. त्यावर दुसऱ्या कुणाचाच हक्क पोचत नाही, हे मान्य नाही.

२. मग येशूनं त्या श्रीमंत तरुणाला सगळं विकायला का सांगितलं?

मार्क १० मधला तो तरुण धार्मिक होता, आज्ञा पाळणारा होता, आणि तरीही संपत्ती सोडवेना म्हणून खिन्न होऊन परत गेला. येशूनं प्रत्येकाला हेच सांगितलं नाही. जकातदार जक्कयानं अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट परत देण्याचं कबूल केलं, तेव्हा येशूनं उरलेली अर्धी मागितली नाही. लूक ८ मध्ये योहान्ना, सुसान्ना आणि इतर स्त्रिया स्वतःच्या पैशातून येशू आणि शिष्यांचा खर्च चालवताना दिसतात.

आलेक्झांड्रियाच्या क्लेमेंट या सुरुवातीच्या काळातल्या ख्रिस्ती लेखकानं यावर विचारलं होतं की सगळ्यांनीच सगळं देऊन टाकलं तर भुकेल्याला जेवू कोण घालणार? प्रश्न रास्त आहे. पण श्रीमंतांच्या मंडळ्यांनी (मंडळी म्हणजे चर्च, ख्रिस्ती लोकांचा समुदाय) या उत्तराचा आडोसा फार घेतला, असं मला वाटतं. इजिप्तमधल्या अँटनीनं इ. स. २७० च्या सुमारास हेच वचन उपासनेत ऐकलं, ते आपल्यालाच उद्देशून आहे असं मानलं आणि वडिलोपार्जित जमीन गावकऱ्यांना देऊन टाकली. ख्रिस्ती संन्यासी परंपरेची मुळं तिथं आहेत. ते वचन ऐकून अस्वस्थच व्हायचं नसेल, तर आपण ते नीट ऐकलेलं नाही.

३. पहिल्या मंडळीत सगळं सामाईक होतं. मग ख्रिस्ती धर्म म्हणजे साम्यवादच नाही का?

प्रेषितांची कृत्ये, अध्याय २ आणि ४ मध्ये खरोखरच तसं वर्णन आहे. लोक जमिनी आणि घरं विकत, पैसे प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या प्रमुख शिष्यांच्या, चरणी ठेवत आणि ज्याला जशी गरज तसं वाटप होई. सायप्रसच्या बर्णबानं शेत विकून पैसे आणून दिले.

लगेच पुढं हनन्या आणि सप्पीरा यांची गोष्ट येते. त्यांनी जमीन विकली, काही रक्कम मागं ठेवली आणि सगळी दिली असा देखावा केला. पेत्र हनन्याला म्हणतो की जमीन विकण्याआधी ती तुझीच नव्हती का, आणि विकल्यावरही पैसा तुझ्याच हातात नव्हता का? त्याचा अपराध खोटेपणाचा ठरला. बाराव्या अध्यायातही योहान मार्काच्या आईचं घर तिचंच आहे आणि त्यात मंडळी प्रार्थनेला जमलेली आहे.

म्हणजे हे वाटप मनापासूनचं होतं. त्यात राजाज्ञा नव्हती, जप्ती नव्हती. तसं जगणारे समाज मात्र नंतरही झाले. १५२८ मध्ये मोराव्हियात, गाव सोडून निघालेल्या अॅनाबॅप्टिस्टांच्या (बाप्तिस्मा प्रौढपणीच घ्यावा असं मानणाऱ्या पंथाच्या) एका गटानं वाटेत जमिनीवर एक अंगरखा पसरला आणि प्रत्येकानं जवळचं होतं नव्हतं ते त्यावर ठेवलं. त्या परंपरेतले हटराइट लोक आजही कॅनडा-अमेरिकेत सामाईक मालकीनं शेती करतात. त्यांना कुणी अ-ख्रिस्ती म्हणत नाही, आणि सर्वांनी तसंच जगावं अशी सक्तीही कुठली मुख्य मंडळी करत नाही.

४. योबेल वर्ष म्हणजे काय? ते कधी पाळलं गेलं का?

लेवीय २५ नुसार दर पन्नासाव्या वर्षी विकलेली शेतजमीन मूळ कुटुंबाला परत मिळायची आणि कर्जापायी गुलाम झालेला इस्राएली मोकळा व्हायचा. त्यामुळे जमिनीची किंमत पुढच्या योबेलापर्यंत किती पिकं निघतील यावर ठरे. विकली जायची ती प्रत्यक्षात पिकं, जमीन नव्हे. अपवादही नीट लिहून ठेवलेले आहेत. तटबंदीच्या नगरातलं घर वर्षभरात सोडवलं नाही तर ते कायमचं घेणाऱ्याचं. खेड्यातलं घर मात्र शेतासारखंच परत मिळायचं.

एखादं योबेल वर्ष प्रत्यक्ष पाळलं गेल्याची नोंद बायबलमध्ये नाही. पण घराला घर आणि शेताला शेत जोडत जाणाऱ्यांना यशया शाप देतो, तेव्हा त्याच्या बोलण्यामागं हीच व्यवस्था उभी आहे. कर्जात गेलेल्या बापाची जमीन नातवाला परत दिसावी, म्हणजे एका पिढीचं दुर्दैव वंशपरंपरागत होऊ नये, हा त्यातला हेतू. बाजार चालू द्यायचा, पण त्याला पन्नास वर्षांची हद्द घालायची, ही कल्पना मला आजही थक्क करते.

५. सरकारनं जमीन हिसकावण्याबद्दल बायबल काय म्हणतं?

नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट वाचा, १ राजे, अध्याय २१. माझ्या मते या विषयावर बायबलमधला सर्वांत महत्त्वाचा उतारा हाच आहे.

इज्रेलमध्ये अहाब राजाच्या वाड्याला लागून नाबोथाचा मळा होता. राजाला तिथं भाजीचा बाग करायचा होता. त्यानं बदल्यात याहून चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ केली. मोबदला कमी नव्हता. नाबोथानं नकार दिला, कारण ते वाडवडिलांचं वतन होतं. राजा घरी येऊन तोंड फिरवून पडला आणि जेवेना.

ईजबेल राणीनं पुढं जे केलं ते बारकाईनं पाहण्यासारखं आहे. तिनं सैनिक पाठवले नाहीत. राजाच्या नावानं पत्रं लिहिली, त्यांवर राजमुद्रा उठवली आणि ती गावच्या वडीलधाऱ्यांकडे रवाना केली. गावात उपास जाहीर झाला. नाबोथाला मानाच्या जागी बसवण्यात आलं. दोन साक्षीदार उभे करून त्याच्यावर देवाची आणि राजाची निंदा केल्याचा आरोप ठेवला गेला. मोशेच्या नियमशास्त्राला दोन साक्षीदार लागतात, म्हणून बरोबर दोन. मग दगडमार. कागदोपत्री काहीच वावगं नव्हतं. मळ्याचा ताबा घ्यायला अहाब खाली उतरला तेव्हा एलीया संदेष्टा तिथं उभा होता. त्यानं राजाला तोंडावर विचारलं : खून केलास आणि वर वतनही घेतलंस?

त्याआधी शमुवेल संदेष्ट्यानं लोकांना इशारा दिलाच होता की राजा मागताय खरे, पण तो तुमची उत्तम शेतं आणि द्राक्षमळे घेईल, धान्याचा दहावा हिस्सा घेईल आणि तुम्ही त्याचे दास व्हाल (१ शमुवेल ८).

मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी चौथ्या शतकात नाबोथावर एक अख्खा ग्रंथ लिहिला. नाबोथाची गोष्ट जुनी असली तरी ती रोज घडते, असं ते सुरुवातीलाच म्हणतात. त्यांच्या लेखी अहाब म्हणजे फक्त राजा नाही. शेजारच्या गरिबाची जमीन घशात घालणारा प्रत्येक धनवान अहाबच आहे. सरकार आणि सावकार या दोघांनाही एकाच गोष्टीनं अडवणं, हे या परंपरेचं खरं बळ आहे. आजच्या भूसंपादनाबद्दल प्रश्न ११ पाहा.

६. सत्ता देवानं नेमलेली आहे असं पौल लिहितो. मग सरकार म्हणेल ते ऐकायचं का?

रोमकरांस पत्र, अध्याय १३ मध्ये पौल तसं लिहितो, आणि तेव्हा रोमच्या गादीवर नीरो होता. पण पौल अधिकाऱ्याला तुझ्या हितासाठी नेमलेला देवाचा सेवक म्हणतो. सेवकाला धनी असतो, आणि कामाची चौकटही असते. पेत्र आणि प्रेषितांनी न्यायसभेपुढं स्पष्ट सांगितलं की माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. प्रकटीकरण १३ मध्ये तर साम्राज्य समुद्रातून वर येणाऱ्या श्वापदाच्या रूपात दिसतं.

संत ऑगस्टिन यांनी विचारलं होतं की न्याय काढून घेतला तर राज्यं म्हणजे दरोडेखोरांच्या मोठ्या टोळ्याच नव्हेत का? रोमकरांस १३ चा दुरुपयोग पुष्कळ झाला. नाझी जर्मनीत अनेक चर्चनी ते वचन पुढं करून मान तुकवली. तिथल्याच विरोधी चर्चनेत्यांच्या १९३४ मधल्या बार्मेन जाहीरनाम्यानं त्याला विरोध केला. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी सरकारच्या समर्थनासाठी तेच वचन वापरलं जाई, त्यावर तिथल्याच धर्मशास्त्रज्ञांनी काढलेल्या १९८५ च्या कैरोस दस्तऐवजानं नाव घेऊन टीका केली. सरकारचा आदर करावा, पण त्याची पूजा करू नये, असं मी तरुणांना सांगतो.

७. कर चुकवणं पाप आहे का?

हो. पौल कर देण्याची आज्ञा स्पष्ट देतो. कैसराला, म्हणजे रोमी सम्राटाला, कर द्यावा का असं विचारणाऱ्यांना येशूनं नाणं दाखवायला सांगितलं आणि कैसराचं ते कैसराला, देवाचं ते देवाला द्या असं उत्तर दिलं. कर म्हणजेच चोरी, असं म्हणणारे काही ख्रिस्ती विचारवंत विशेषतः अमेरिकेत आहेत. मुख्य प्रवाहातल्या कुठल्याही मंडळीची ती शिकवण नाही. विवेकाला पटत नाही म्हणून उघडपणे कर नाकारणं ही वेगळी बाब आहे. १७५५ मध्ये पेनसिल्व्हेनियात जॉन वुलमन आणि इतर क्वेकरांनी (युद्ध न मानणारा एक ख्रिस्ती पंथ) युद्धासाठीचा कर भरणार नाही असं जाहीर केलं आणि परिणाम सोसायची तयारी ठेवली. दुकानदारानं बिल न देता रोखीत व्यवहार करणं या सदरात येत नाही.

८. गरिबांची काळजी कुणी घ्यायची, मंडळीनं की सरकारनं?

सर्वांत जास्त वाद इथं होतात. नियमशास्त्रात शेताच्या कडा कापू नयेत, पडलेली कणसं गरीब आणि परक्यांसाठी ठेवावीत असा नियम आहे. परक्या देशातून आलेली विधवा रूथ याच नियमावर जगली. ती कणसं भीक नव्हती, तिचा हक्क होता, आणि त्यासाठी सरकारी खातंही लागलं नाही. दुसरीकडे राजानं दीनांचा न्याय करावा, गरजवंताला सोडवावं अशी प्रार्थना स्तोत्र ७२ मध्ये आहे. राज्यकर्त्याला हात झटकता येत नाहीत.

फारोचा, म्हणजे इजिप्तच्या राजाचा, कारभारी झालेल्या योसेफाची गोष्ट दोन्ही पक्षांना अडचणीची आहे. त्यानं सरकारी कोठारं भरली म्हणून इजिप्त दुष्काळात तगलं. पण उत्पत्ती ४७ वाचा : लोकांनी धान्यासाठी आधी पैसा दिला, मग गुरं, मग जमीन, आणि शेवटी स्वतःला. याजकांची सोडून सगळी जमीन फारोची झाली आणि उत्पन्नाचा पाचवा हिस्सा कायमचा लागू झाला. पोट भरलं, स्वातंत्र्य गेलं.

कॅथलिक शिकवणीत यासाठी १९३१ पासून एक ठाम तत्त्व आहे : कुटुंब, गाव, संघटना जे करू शकतात ते वरच्या सत्तेनं काढून घेऊ नये, त्यांना जमत नसेल तिथं सरकारनं आधार द्यावा. नेदरलँड्समध्ये अब्राहम कायपर या प्रॉटेस्टंट नेत्यानं जवळचाच विचार मांडला. कुटुंब, मंडळी, विद्यापीठ, व्यापार यांची आपापली क्षेत्रं आहेत, एकानं दुसऱ्यावर कुरघोडी करू नये. ते १९०१ ते १९०५ या काळात पंतप्रधान होते. १८९१ च्या ख्रिस्ती सामाजिक परिषदेत त्यांनीच कामगारांच्या हलाखीवर कडक भाषण केलं होतं.

माझं मत असं की निव्वळ दानधर्मावर भागेल हा भाबडेपणा आहे, आणि सरकारी योजना आली म्हणून शेजाऱ्याकडे पाठ फिरवणं हे पाप आहे.

९. पोपच्या परिपत्रकांमध्ये नेमकं काय म्हटलं आहे?

पोप लिओ तेरावे यांचं ‘रेरूम नोवारुम’ १५ मे १८९१ रोजी आलं. कारखान्यांत कामगार पिळून निघत होते. लिओंनी समाजवाद नाकारला आणि खासगी मालमत्तेचा हक्क ठणकावून मांडला. त्यांचा युक्तिवाद मालकांच्या बाजूनं नव्हता. कामगार मजुरीतून चार पैसे मागं टाकून जमिनीचा तुकडा घेतो, तो त्याच्या घामाचाच बदललेला आकार आहे, मग तो हिरावायचा कसा? कुटुंब जगेल इतकी मजुरी, संघटनेचा हक्क आणि गरज पडेल तिथं सरकारचा हस्तक्षेप, हेही त्याच परिपत्रकात आहे.

१९६७ मध्ये पोप पॉल सहावे यांनी पुढचं पाऊल टाकलं. खासगी मालमत्तेचा हक्क कुणासाठीही बिनशर्त नाही आणि प्रचंड, पडीक जमीनदाऱ्या लोकहितासाठी ताब्यात घेणंही कधी आवश्यक ठरतं, असं त्यांनी लिहिलं. जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ मध्ये मालकीहक्काला सर्वांच्या वापराच्या हक्काखाली ठेवलं. सूर बदलत गेला हे खरं, तरी पाया तेराव्या शतकातले धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनस यांचाच आहे : जो तो आपल्या वस्तूची जास्त निगा राखतो, कामात गोंधळ होत नाही आणि भांडणं टळतात, म्हणून मालकी योग्य, पण वापर करताना वस्तू सामाईक समजून गरजवंताला द्यावी.

१०. प्रॉटेस्टंटांचं म्हणणं वेगळं आहे का?

एकच असं प्रॉटेस्टंट मत नाही. १५२५ मध्ये मेमिंगेनला जमलेल्या जर्मन शेतकऱ्यांनी बायबलचा आधार देत बारा मागण्या मांडल्या. जंगलातलं लाकूड, मासेमारी आणि हिसकावलेली गायरानं परत हवी होती त्यांना. मार्टिन ल्यूथरनी आधी सरदारांना दोष दिला. बंड हिंसक झाल्यावर मात्र शेतकऱ्यांविरुद्ध इतकं जहाल लिहिलं की ते वाचवत नाही. मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांचा उपदेश मला जवळचा वाटतो : जमेल तितकं सचोटीनं मिळवा, जमेल तितकं वाचवा, आणि मग जमेल तितकं देऊन टाका. पहिले दोन भाग पाळून तिसऱ्याला थांबणाऱ्यांबद्दल ते फार दुःखी असत. श्रद्धा ठेवा म्हणजे गाडी-बंगला मिळेल असं सांगणारे आजचे प्रचारक या कुठल्याच परंपरेत बसत नाहीत.

११. विकास प्रकल्पासाठी जमीन द्यायला ख्रिस्ती माणसानं नकार द्यावा का?

सरसकट हो किंवा नाही म्हणता येत नाही. रस्ता, पाणी, दवाखाना यांसाठी जमीन लागतेच, आणि लोकहितासाठी मालकीहक्काला मुरड घालणं प्रश्न ९ मधल्या शिकवणीला धरूनच आहे. पण अहाबाचा भाजीचा बाग हे लोकहित नव्हतं. प्रयोजन खरंच सार्वजनिक आहे का, सर्वांत दुबळ्या कुटुंबाचं काय होणार, लोकांना आधी विचारलं का, हे तपासावं.

भारतात १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं मालमत्तेचा हक्क मूलभूत राहिला नाही, तरी कलम ३००-अ नुसार कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता घेता येत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास आला. खासगी कंपनीसाठी जमीन घेताना ८० टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीत ७० टक्के बाधितांची संमती लागते. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईसाठी आवाज उठवला, तेव्हा शेती, विहिरी आणि गावपण वाचवणं हा श्रद्धेचा भाग असल्याचं अनेकांना प्रथमच उमगलं. दहशतीला न घाबरता, कायद्याच्या मार्गानं नकार देण्याचा हक्क नाबोथाला होता. आपल्यालाही आहे.

१२. भुकेल्यानं भाकरी चोरली तर ते पाप धरायचं का?

अक्वायनस यांचं उत्तर अनेकांना धक्का देतं : जीव जाण्याची वेळ असेल आणि दुसरा उपाय नसेल, तर घेतलेलं अन्न ही चोरीच नव्हे, कारण त्या क्षणी ते त्याच्या हक्काचं झालेलं असतं. अनुवाद २३ मध्ये शेजाऱ्याच्या मळ्यात पोटभर द्राक्षं खायला मुभा आहे, टोपलीत भरून न्यायला नाही. ही सवलत गरजेपुरतीच. ज्याला मागून मिळू शकतं किंवा ज्याची निकड तेवढी नाही, त्याला ती लागू नाही.

१३. चर्चकडेच इतक्या जमिनी असतात, त्याचं काय?

प्रश्न बोचरा आहे आणि विचारायलाच हवा. जी कसोटी अहाबाला आणि धनवानाला, तीच चर्चला. अँब्रोज यांनी युद्धकैद्यांना सोडवण्यासाठी चर्चमधली सोन्या-चांदीची पवित्र पात्रं फोडून वितळवली. टीका झाली तेव्हा ते म्हणाले की सोनं राखण्यापेक्षा माणसं राखणं बरं. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही आणि चर्चचे न्यास त्याला अपवाद नाहीत. आपल्या धर्मग्रामाचा, म्हणजे स्थानिक चर्चचा, हिशेब मागणं म्हणजे श्रद्धेचा अभाव, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

१४. ख्रिस्ती मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वाटा असतो का?

असतो. गणना २७ मध्ये सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढं उभ्या राहतात : आम्हाला भाऊ नाही, म्हणून वडिलांचं नाव का पुसलं जावं? देव म्हणतो, मुलींचं म्हणणं बरोबर आहे. तिथं हक्क मुलगा नसेल तरच होता. आजचा कायदा त्याहून पुढं आहे. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला आणि मागं पत्नी व मुलं असली, तर पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेल्यात मुलगे-मुली सारख्या वाट्याचे.

केरळच्या त्रावणकोर भागात मात्र १९१६ चा जुना कायदा चालू होता. मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांतलं जे कमी असेल ते मिळे. मेरी रॉय यांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालय गाठलं आणि १९८६ मध्ये त्या जिंकल्या. विरोध करणाऱ्यांत मंडळीतलेही लोक होते.

यात एक मेख आहे. मृत्युपत्र केलेलं असेल तर या कायद्याखाली वडील सगळी मालमत्ता एकट्या मुलाला देऊ शकतात. गोव्यात तसं होत नाही. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या तिथल्या वारसा-व्यवस्थेत साधारण निम्म्या मालमत्तेवरचा मुलांचा हक्क मृत्युपत्रानंही काढून घेता येत नाही. म्हणून महाराष्ट्रात मुलीचा वाटा राहावा अशी इच्छा असेल, तर मृत्युपत्रात तिचं नाव स्पष्ट लिहा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि शक्य तर ते नोंदवून ठेवा.